द कमिटी हॅव डिसायडेड

मुळात भांडण 'हॅज'चं नव्हतंच. भांडण बाबागाडीचं होतं. पण बाबागाडीवरून भांडणारी बाई चिडकी दिसते आणि व्याकरणावरून भांडणारी विदुषी दिसते, असा माझा तेव्हा समज होता. आता अनुभवानं सांगते, दोन्हींवरून भांडणारी बाई चिडकीच दिसते. आणि मी चिडलेलीच होते, तेव्हा दिसण्याबद्दल तक्रार करायला मला जागा नाही.

आमची इमारत चार मजल्यांची, जुनी, बिनलिफ्टची. आम्ही सगळ्यांत वर. माझी लेक सात महिन्यांची, आणि तिची बाबागाडी माझ्या ताईकडून आलेली, ताईची दोन मुलं वाढवून झालेली, लोखंडी सांगाड्याची. ती ज्यांनी बनवली त्यांच्या डोळ्यांपुढे मूल होतं की सिमेंटची पोती, कोण जाणे. तिची घडी होत नाही. लेक कडेवर घेऊन मी चार मजले उतरू शकते. गाडी एकटी असेल तर दात-ओठ खाऊन तीही उतरवू शकते. दोन्ही उचलून उतरणारी बाई अजून जन्माला यायची आहे. म्हणून गाडी जिन्याखालच्या कोनाड्यात राहायची. तिथे तिच्याशिवाय एक तुटकी बादली आणि भिंतीला आलेली ओल, एवढंच होतं.

दुपारची कामं उरकली की मी लेकीला घेऊन खाली यायचे, तिला गाडीत आडवं करायचे आणि आम्ही दोघी फाटकाबाहेर पडायचो. बाग येईपर्यंत ती झोपायची. झोपताना आधी उजवा हात सैल सोडते, मग डावा, आणि सगळ्यांत शेवटी ओठ. मग मी बाकावर बसून एका पायानं गाडी हलवत राहायचे. पुस्तक असलं तर वाचायचे, नाहीतर समोर बघायचे. तेवढ्या वेळात मला कोणी हाक मारत नसे. ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे त्यांना यापुढचं समजावून सांगायला नको, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांना समजावून उपयोग नाही.

तर एका दुपारी खाली आले तेव्हा गाडीच्या दांड्याला एक कागद चिकटवलेला होता, आणि तोच कागद सूचनाफलकावरही होता. इंग्रजीत. आमच्या अध्यक्षांचा असा विश्वास आहे की पाणी येणार असेल तर मराठीत लिहावं, पण मनाई करायची असेल तर इंग्रजीत करावी, ती जास्त लागू होते. कागदावर होतं, 'द कमिटी हॅव डिसायडेड दॅट नो बेबी कॅरेज शॅल बी केप्ट अंडर द स्टेअरकेस.' म्हणजे, जिन्याखाली बाबागाडी ठेवायची नाही असं कमिटीनं ठरवलं आहे. खाली आठवड्याची मुदत.

इमारतीत बाबागाडी एकच होती. त्यांना 'नो बेबी कॅरेज' लिहायची काय गरज होती? सरळ माझं नाव लिहायचं.

लेक होण्याआधी मी शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवत होते. त्यामुळे एखादीला असा कागद वाचून रडू आलं असतं, तिथे माझा डोळा आधी 'हॅव'वर गेला. कमिटी, टीम, फॅमिली, ज्युरी ही समूहवाचक नामं. माणसं पुष्कळ, शब्द एक. मी मुलांना सांगायचे, समूह एका तोंडानं बोलला तर त्याला एकवचनी क्रियापद, आपापसांत भांडायला लागला तर अनेकवचनी. कमिटीनं मिळून ठरवलं तर 'हॅज डिसायडेड'. कमिटीत मारामारी झाली तर 'आर फायटिंग'. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. 'हॅव'खाली किती लाल रेघा ओढल्या असतील त्याला गणती नाही. आणि आता माझ्या लेकीला घरात कोंडणारा हुकूमसुद्धा धड भाषेत नसावा?

पर्समध्ये लाल पेन होतं. मी 'हॅव' खोडलं, वर 'हॅज' लिहिलं आणि बागेत गेले. फार बरं वाटलं. बागेतून परत येईपर्यंत टिकलं.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी त्याला दारातच धरलं.

"तू कमिटीत आहेस ना?"

"आहे की."

आमच्याकडे मजल्यामागे एक सभासद अशी पाच जणांची कमिटी आहे. तळमजल्यावर अध्यक्ष, ते वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले. पहिल्या मजल्यावर सचिवबाई, त्या पूर्वी टायपिंगचे वर्ग घ्यायच्या. दुसऱ्यावर वकील, तिसऱ्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई आणि चौथ्यावर माझा नवरा. त्याची निवड बिनविरोध झाली, कारण आमच्यासमोरचं घर कायम बंद असतं आणि उरलेली मतदार त्या दिवशी इस्पितळात लेकीला जन्म देत होती.

"मग गाडीचं कधी ठरलं?"

"कुठल्या गाडीचं?" तो बूट काढत म्हणाला. मी सांगितलं. तो खरंच चकित झालेला दिसला. "मीटिंगच झालेली नाही गं. मला असं कोणी काही विचारलं नाही."

"म्हणजे तुला न विचारता ठरवलं?"

"तसंच म्हणावं लागेल," असं म्हणून त्यानं लेकीला उचललं आणि तिच्या पोटावर तोंड ठेवून फुर्र केलं. ती खदखदून हसली. तो हसला. घरात फक्त मी रागावलेली होते. हे नेहमीचंच आहे. राग हे आमच्या घरात माझं खातं आहे, बाकीचे फक्त त्याचा उपयोग करून घेतात.

दुसऱ्या दिवशी फलकावर नवा कागद होता. मजकूर तोच. 'हॅव' ठळक अक्षरांत. मी तेही खोडलं. तिसऱ्या दिवशी फलकाला काच बसली आणि काचेला कुलूप. आत 'हॅव' सुरक्षित. मी काचेवर बाहेरून, बरोब्बर 'हॅव'च्या वर, 'हॅज' लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. त्यावर आत दुसरा कागद आला. 'द कमिटी आर पेन्ड.' कमिटीला वेदना झाल्या आहेत. त्याही अनेकवचनी.

आता सगळ्या जिन्यात हाच विषय झाला. ज्यांनी शाळा सोडल्यावर इंग्रजी व्याकरणाचं तोंड पाहिलं नव्हतं ती माणसं हातात भाजीच्या पिशव्या घेऊन फलकासमोर उभी राहून ओठ हलवत वाचायला लागली. गाडीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढेना.

तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी राहतात. त्यांची खिडकी जिन्याखालच्या कोनाड्याला लागून. त्या म्हणाल्या, "तू कशाला त्या अक्षरांच्या मागे लागलीस? मी गाडीला मापाचं कव्हर शिवते. वरून खालपर्यंत झाकून टाकू. गाडी दिसलीच नाही तर काढायची काय?"

मला हे पटलं, यावरून माझी तेव्हाची अवस्था लक्षात यावी. मावशींनी उरलेल्या पडद्यांचं कव्हर शिवलं. मोठमोठी सूर्यफुलं असलेलं. आधी जी गाडी कोपऱ्यात कोणाच्या नजरेत येत नव्हती ती आता फाटकापासून दिसायला लागली. अध्यक्षांनी मला जिन्यात गाठलं.

"ताई, झाकलेली वस्तू जिन्याखाली ठेवणं जास्त गंभीर आहे. आत काय आहे ते कळत नाही."

"आत बाबागाडी आहे, काका."

"हे तुम्ही म्हणता."

मी कव्हर वर करून दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं, वजनमापं खात्यातली सवय असेल. मग म्हणाले, "म्हणजे बाबागाडीच आहे. ती ठेवायला मनाई आहे."

वकीलसाहेबांकडे मी आपणहून गेले. ती माझी चूक. वकिलांना घरात फीशिवाय बोलायला मिळालं की ते थांबत नाहीत. त्यांनी आधी मला सांगितलं की मूळ इंग्रजांच्या देशात 'हॅज' आणि 'हॅव' दोन्ही चालतात. हे मला माहीत होतं. पण मी ते गेले काही दिवस मुद्दाम आठवत नव्हते. रागाच्या भरात माणसानं आपल्या विरुद्ध जाणाऱ्या गोष्टी आठवू नयेत, एवढं तारतम्य मला आहे.

"चालत असेल," मी म्हटलं. "शेजारच्याच्या घरी चालतं ते आपल्या घरी चालवायचं का? मी शिकवलेल्या मुलांना काय वाटेल?"

"वहिनी, त्याहून मोठा मुद्दा आहे," वकीलसाहेब आरामखुर्चीत मागे रेलले. "तुम्हीच शिकवता ना, एकमत असेल तर 'हॅज'? मग तुम्ही 'हॅव'चं 'हॅज' करून काय केलंत? कमिटीनं गाडीविरुद्ध एकमतानं ठरवलं, हे स्वतःच्या हस्ताक्षरात कबूल केलंत. आणि एकदा नाही, तीनदा. मी तुमचा वकील असतो तर तुमचं पेन काढून घेतलं असतं."

मी जिना चढताना प्रत्येक पायरीला त्यांना एक विशेषण दिलं. मराठीत विशेषणांची कमतरता नाही. सगळ्यांत वाईट भाग हा की माणूस बरोबर बोलत होता. मी स्वतःच्या गळ्याला फास लावून त्याचं शुद्धलेखन तपासत होते.

तिसऱ्या मजल्यावर डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी लेकीच्या हिरड्यांवरून बोट फिरवलं आणि खालचे दोन येताहेत म्हणाल्या. मग म्हणाल्या, "इतकं का मनाला लावून घेतेस? थोडे दिवस घरातच खेळव की तिला. पावलं टाकायला लागली की गाडीची गरजच संपेल."

हेही खरंच होतं. मूल मोठं झालं की सगळे प्रश्न सुटतात. तोवर आईनं काय करायचं ते मात्र कोणी सांगत नाही. मुदत संपत आली होती आणि घरातून बागेचं फक्त एक झाड दिसतं, तेही शेंड्यापुरतं.

मुदत संपली त्या सकाळी मी ठरवलं की गाडी वर नेता येते का ते तरी पाहू. नवरा कामावर गेला होता. लेकीला मी मावशींकडे ठेवलं. ती शिलाई मशिनचं चाक बघत बसली. गाडीचा पुढचा दांडा धरून मी उलट्या पावलांनी चढायला लागले. पहिला मजला झाला. अंगाला घाम फुटला, पण मनात म्हटलं, बघा, तुमच्या कमिटीवाचून काही अडत नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गाडी अडली. मी पुढे ओढली की मागचं चाक कठड्यात शिरायचं, मागे ढकलली की पुढचं. वकीलसाहेब आवाजानं बाहेर आले, आणि मदत करण्याऐवजी ज्या कोनात गाडी अडकली आहे तो कोन समजून घ्यायला लागले. "डावीकडे घ्या," ते म्हणाले. "तुमच्या डावीकडे. म्हणजे माझ्या उजवीकडे."

मी सगळा जोर लावून ओढली. गाडी सुटली. मागचं डावं चाक तिच्याबरोबर आलं नाही.

ते क्षणभर पायरीवर उभं राहिलं. मग निघालं. एखाद्याला कामावर उशीर झालेला असावा तसं ते एकेक पायरी गाळत, उड्या मारत, पहिल्या मजल्याच्या भिंतीवर आपटून, वळून, खाली गेलं. खाली अध्यक्षांचं दार उघडं होतं. आतून आधी कुंडी फुटल्याचा आवाज आला आणि त्यानंतर अध्यक्षांचा.

संध्याकाळी फलकावर तिसरा कागद होता. इमारतीच्या आवारात चाक सोडल्याबद्दल आणि सूचनाफलकाची वारंवार विटंबना केल्याबद्दल माझी सुनावणी. अध्यक्षांच्या दिवाणखान्यात. दुसऱ्या दिवशी, कमिटीची माणसं कामावरून परतल्यावर. गाडी, तीन चाकांवर तिरकी झालेली, निर्णय होईपर्यंत अध्यक्षांच्या ताब्यात.

मी त्या दिवशी बागेत गेले नाही. लेक सबंध दुपार झोपली नाही. खिडकीच्या गजांना धरून ती बाहेर बघायची, मग माझ्याकडे वळून बघायची. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं, मला काहीतरी करता आलं असतं. तिला कडेवर घेऊन मी खोलीतल्या खोलीत चालत राहिले, पलंगापासून दारापर्यंत आणि दारापासून पलंगापर्यंत, आणि मनातल्या मनात सुनावणीचं भाषण पाठ केलं. त्यात एकही चांगला शब्द नव्हता.

सुनावणीला पाचही सभासद आले. म्हणजे माझा नवराही. तो त्यांच्या बाजूच्या सोफ्यावर बसला होता, कारण सभासदांनी तिकडे आणि मी इकडे, अशी मांडणी अध्यक्षांनी केली होती. त्यानं माझ्याकडे बघून खांदे उडवले. कोपऱ्यात माझी गाडी, सूर्यफुलांच्या कव्हरात, पुराव्यासारखी उभी. लेक माझ्या मांडीवर. तिनं आल्याआल्या अध्यक्षांचं वर्तमानपत्र हस्तगत केलं आणि अग्रलेख तोंडात घातला.

"चाकाबद्दल काय म्हणणं आहे?" अध्यक्ष म्हणाले.

"चाक गाडीचं आहे. गाडी जिन्याखाली असती तर चाक जिन्यात आलंच नसतं. कुंडी मी भरून देते. आता माझं ऐका. मला खुलासा हवाय."

"हॅज-हॅवचा असेल तर," सचिवबाई म्हणाल्या, "टाइप मी केलंय. आमच्या टायपिंगच्या पुस्तकात 'हॅव' होतं."

"मला तुमचं 'हॅव' नको आणि माझं 'हॅज'ही नको. 'डिसायडेड' म्हणजे ठरवलं. कोणी ठरवलं ते सांगा, क्रियापद मी लावते."

खोलीत शांतता पसरली. वर्तमानपत्र चघळल्याचा तेवढा आवाज. शाळेत अशी शांतता मी ओळखते. गृहपाठ कोणीच केलेला नसला की अशी पसरते.

"ठरवलं म्हणजे, कमिटीनं," अध्यक्ष म्हणाले.

"कमिटी म्हणजे तुम्ही पाच जण. तुम्ही ठरवलंत का, काका?"

"मी कशाला ठरवू? त्या भिंतीला ओल आली होती. रंगारी येणार होता. मी सचिवबाईंना म्हटलं, एक दिवस गाडी जरा हलवायला सांगा."

"मग मी चौथ्या मजल्याला सांगितलं," सचिवबाई म्हणाल्या.

इथे आमच्या इंटरकॉमबद्दल सांगायला हवं. तो इमारतीइतकाच जुना आहे. सचिवबाईंचा फोन फक्त चौथ्या मजल्याला लागतो. चौथ्याचा तिसऱ्याला, तिसऱ्याचा दुसऱ्याला, दुसऱ्याचा पहिल्याला, म्हणजे पुन्हा सचिवबाईंना. बाकीच्या तारा केव्हाच मेल्या. दुरुस्त करण्याऐवजी कमिटीनं त्याचीच पद्धत केली. निरोप वर जातो, मजल्यामजल्यानं खाली येतो, सचिवबाई तो टाइप करतात आणि अध्यक्षांपुढे ठेवतात. त्याला निर्णय म्हणतात.

मी नवऱ्याकडे वळले. तो गाडीकडे बघत होता.

"त्या म्हणाल्या, गाडी हलवायची आहे, चालेल ना," तो म्हणाला. "रंगासाठी. मी म्हटलं, हो हो, चालेल. मला वाटलं एका दिवसाचं आहे. त्यात काय विचारायचं?"

"आणि तू तिसऱ्या मजल्याला काय सांगितलंस?"

"तेच. गाडी हलवायची आहे, आमची हरकत नाही. हिला झोपवत होतो गं, एका हातात ही होती. थोडक्यात सांगितलं."

"मला वाटलं, घरच्यांचीच हरकत नाही म्हणजे गाडी जायचीच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी खाली कळवलं की गाडी तिथून जाणार, चौथा मजला तयार आहे. मला तर आश्चर्यच वाटलं होतं तुझं."

"मग तुम्ही मला घरात खेळव म्हणालात?"

"तूच काढायला सांगितलीस आणि तूच भांडतेस असं वाटलं. बाळंतपणानंतर होतं काहींना तसं."

मी लेकीच्या तोंडातून अग्रलेख काढला.

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. "माझ्याकडे निरोप फार मोघम आला होता. मी तो नीट शब्दांत मांडला. जिन्याखाली बाबागाडी ठेवण्यास सर्व मजल्यांचा विरोध आहे. वरचे दोन मजले आणि मी, म्हणजे बहुमत. बहुमताला सर्व म्हणण्याची पद्धत आहे."

"तुमचा विरोध होता?"

"माझा वैयक्तिक विरोध असण्याचं कारणच नाही. मी फक्त मसुदा केला."

"माझ्याकडे परत आलं तेव्हा मी चाटच पडले," सचिवबाई म्हणाल्या. "मी वर पाठवला होता रंगारी, खाली आला विरोध. म्हटलं, रंगाच्या निमित्तानं लोकांच्या मनातलं बाहेर आलं असेल. केलं टाइप."

"आणि चार मजल्यांपुढे मी एकटा काय बोलणार?" अध्यक्ष म्हणाले. "माझी तर तक्रारच नव्हती. मला वाटायचं, बिचारी पोर, सगळी इमारत हिच्यावर उठली आहे."

"रंगारी आला का?" मी विचारलं.

"नाही आला."

माणसाला शत्रू असावा. एक तरी. ज्याच्याकडे बोट दाखवून रात्री झोपता येईल असा. माझ्याविरुद्ध पाच माणसं होती आणि त्यांतलं एकही माझ्याविरुद्ध नव्हतं. मी कोणावर रागवायचं? रागवण्यासारखा एकच माणूस त्या सोफ्यावर होता, आणि त्याच्याच गुडघ्याकडे लेक आता दोन्ही हात पसरून झेपावत होती. मी तिला दिली नाही.

"मग झालं," मी म्हटलं. "कोणाचाच विरोध नाही. काढा तो कागद."

अध्यक्षांनी मान हलवली. "असं कसं? निर्णय झालाय. फिरवायचा तर पद्धतीनं फिरवायला हवा."

"पाचही जण समोर बसलेत, काका."

"ही सुनावणी आहे. सुनावणीत निर्णय होत नसतो. निर्णय निरोपानं होतो."

मी नवऱ्याकडे पाहिलं. वकीलसाहेबांकडे पाहिलं. त्यांना यात काही गैर वाटलेलं दिसलं नाही. उलट वकीलसाहेब उठून चपला शोधायला लागले. आणि खरोखर, सांगून कोणाला खोटं वाटेल, कमिटी उठली आणि निरोप घ्यायला आपापल्या घरी निघाली. सचिवबाई पहिल्या मजल्यावर थांबल्या, वकील दुसऱ्यावर, डॉक्टरीणबाई तिसऱ्यावर. प्रत्येकानं दारात जाताना "बरंय मग" असंही म्हटलं. शेवटच्या मजल्याचा जिना आम्ही तिघंच चढलो, आणि त्यात एकजण सारखं "अगं ऐक ना" म्हणत होता.

दार उघडेपर्यंत इंटरकॉम वाजायलाच लागला होता. नवऱ्यानं सवयीनं हात पुढे केला. मी त्याच्या आधी रिसीव्हर उचलला.

"चौथा मजला?" सचिवबाईंचा आवाज.

"बोलतेय."

त्या म्हणाल्या, "जिन्याखाली बाबागाडी ठेवायला हरकत आहे का?"

"हरकत नाही. गाडी जिन्याखालीच राहील. रोज राहील. रंगारी आला तर त्यानं आधी मला विचारायचं."

"बरं. खाली कळवा."

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावायला बोट पुढे केलं आणि थांबले. इथून हा निरोप निघेल आणि तळाला पोचेपर्यंत कदाचित लेकीला शाळेत घालायचा ठराव झालेला असेल. मी रिसीव्हर ठेवला.

"काय झालं?" नवरा म्हणाला.

"मी निरोप घेऊन जाते."

"फोन आहे ना?"

मी फक्त बघितलं. तो बाजूला झाला, आणि मी न सांगता खिळे-पान्याची पिशवी उचलून मागून निघाला. चाक बसवायचं होतं, हे निदान त्याच्या लक्षात आलं.

तिसऱ्या मजल्याची बेल वाजवली. डॉक्टरीणबाई फोनजवळच उभ्या होत्या. मी निरोप सांगितला. "आता म्हणून दाखवा," मी म्हटलं.

"काय?"

"मी काय सांगितलं ते."

त्यांनी लेकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हटलं. 'रोज' गाळलं होतं. मी पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हटलं, "चला."

"कुठे?"

"दुसऱ्या मजल्यावर. तुमचा निरोप तुम्हीच द्यायचा. मी फक्त ऐकणार."

वकीलसाहेबांनी निरोप ऐकला आणि म्हणाले, "याचा आशय असा धरायचा का, की..."

"आशय नको," मी म्हटलं. "शब्द."

इतक्या वर्षांत त्यांना कोणी असं सांगितलं नसावं. त्यांनी शब्द म्हटले. शेवटी 'तूर्तास' जोडलं. मी ते काढायला लावलं. मग तेही चपला घालून निघाले. सचिवबाईंकडे आम्ही पोचलो तेव्हा जिन्यात चांगली वरात झाली होती. मावशी हातात टेप घेऊन बाहेर आल्या होत्या. सचिवबाईंनी निरोप उभ्यानं म्हटला, एका दमात, शाळेतल्या हुशार मुलीसारखा. मला त्यांना शाबासकी द्यावीशी वाटली. दिली नाही. राग अजून उतरला नव्हता, आणि मला तो उतरवायचाही नव्हता.

अध्यक्ष दारात वाट बघत होते. सगळ्यांनी मिळून त्यांना सांगितलं. एकेक शब्द, एकदम, सगळी तोंडं. त्यांनी मान डोलावली आणि गाडी बाहेर ढकलली. नवऱ्यानं पायरीवर बसून चाक बसवलं. ते थोडं वाकडं बसलं, अजून वाकडंच आहे, चालताना टकटक करतं.

मी सूर्यफुलांचं कव्हर काढून नवऱ्याच्या हातात दिलं आणि लेकीला गाडीत आडवं केलं. बाहेर उन्हं उतरली होती, पण उजेड होता. नवरा उठून बरोबर यायला लागला.

"तू नको," मी म्हटलं. "तू कुंडी भरून दे."

फाटक उघडत होते तेवढ्यात मागून सचिवबाईंनी हाक मारली. "वहिनी, नव्या कागदावर काय टाइप करू? हॅज की हॅव?"

"कमिटीला विचारा," मी म्हटलं, आणि गाडी रस्त्याला लावली. वळणापर्यंत मागे कमिटीचं भांडण सुरू झालेलं ऐकू येत होतं. लेकीनं उजवा हात सोडला होता.